शॉर्टसर्किट नावाचा हक्काचा आरोपी

मागच्या जानेवारीतली गोष्ट. शुक्रवारी रात्री उशिरा हिंजवडीहून निघून गावी पोचलो (चाकणचा चौक कुणाला चुकलाय!) आणि बघतो तर अण्णा गमबूट चढवून, हातात बॅटरी घेऊन अंगणात उभे. रात्रीचे पावणेदोन. कांद्याला पाणी चालू होतं आणि मोटर मध्येच बंद पडली होती. आमच्याकडे शेतीची थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. तो आठवडा रात्रीचा होता. घरापासून विहीर चारेकशे पावलं, दोन्ही अंगाला पुरुषभर उंच ऊस. जुन्नर-आंबेगावात रात्री उसातून चालणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी एकच शब्द पुरे: बिबट्या.

मीही बरोबर गेलो. मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून, उगाच खाकरत. स्टार्टरच्या पेटीजवळ गेलो तर जळका वास. मोटर गेली होती. दोन वर्षांत तिसऱ्यांदा.

सकाळी मोटर वर काढली. रिवायंडिंगवाल्याने नेहमीचं निदान केलं, "व्होल्टेज नसतं ओ पुरेसं." वायरमन भाऊ आले, त्यांनी लांबूनच बघून सांगितलं, "शॉर्टसर्किट झालं असंल." आणि अण्णांनी मान डोलावली. साडेपाच हजार रुपये, दोन दिवस पाणी बंद, आणि कारण? शॉर्टसर्किट. विषय संपला.

मला मात्र ते पटेना. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे रात्री दोन वाजता सिस्टिम पडली तर सकाळी कारण लिहून द्यावं लागतं. तिथे मी जर 'सिस्टिम बंद पडल्यामुळे सिस्टिम बंद पडली' असं लिहिलं तर मॅनेजर मला कच्चा खाईल. 'शॉर्टसर्किटमुळे जळाली' हे वाक्य अगदी त्याच जातीचं आहे. म्हणून मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली आणि पेटी उघडली.

आत काय होतं? मीटरकडून आलेली ॲल्युमिनियमची वायर आणि मोटरची तांब्याची फ्लॅट केबल. दोघींची टोकं एकमेकींभोवती चार पीळ देऊन गुंडाळलेली आणि वरून काळी टेप. बस्स. टेप सोडली तर आत पांढरी भुकटी, हिरवट डाग, आणि बोटभर लांबीची जळून कडक झालेली वायर. एका फेजचा पीळ पूर्ण सुटलेला. म्हणजे तीनपैकी एक फेज गेली, मोटर उरलेल्या दोन फेजवर कण्हत फिरत राहिली, त्या दोघींनी जास्त करंट ओढला आणि वायंडिंग जळालं. ओव्हरलोड रिले होता की हो! पण 'सारखा ट्रिप होतोय' म्हणून कुणीतरी त्याचा काटा शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवला होता.

शॉर्टसर्किट कुठे झालं होतं? कुठेच नाही.

ह्या लेखात मला एवढंच भांडायचं आहे. आपण ज्याला शॉर्टसर्किट म्हणतो, त्यातल्या कितीतरी घटनांमध्ये खरा गुन्हेगार असतो सांधा. दोन वायरी जिथे जोडल्या ती जागा. आणि सांधा कुणीतरी माणूस करतो. शॉर्टसर्किट मात्र पाऊस पडावा तसं आपोआप 'होतं'. म्हणून तर ते सगळ्यांना आवडतं! वायरमनला आवडतं, घरमालकाला आवडतं, पंचनामा लिहिणाऱ्याला आवडतं. उन्हाळ्यात वर्तमानपत्र उघडा, 'शॉर्टसर्किटने ऊस खाक' ही बातमी असतेच. कोणता सांधा, कुणी केला, कधी केला, हे कुणी विचारल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

थोडं गणित करू. (घाबरू नका, सातवीचंच आहे.) पाच हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण लोडवर साधारण आठ अँपियर घेते. समजा एका सांध्याचा रेझिस्टन्स ०.३ ओहम झाला. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स: ८ × ८ × ०.३, म्हणजे एकोणीस वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंगची इस्त्री पंचवीस वॅटची असते! म्हणजे टेपच्या आत, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, एक इस्त्री तासन् तास चालू. पीव्हीसीचं साधं आवरण सत्तर अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेलं असतं, ते किती टिकणार? तापला की सांधा आणखी ढिला होतो, ढिला झाला की आणखी तापतो.

आता गंमत बघा. ह्या सांध्यावर व्होल्टेज किती पडतं? ८ × ०.३, म्हणजे २.४ व्होल्ट. ४१५ मधले अडीच व्होल्ट गेले तर मोटरला पत्ताही लागत नाही. आणि फ्यूज किंवा एमसीबी? त्यांच्या दृष्टीने आठ अँपियर चाललेत, सगळं झकास. फ्यूज जास्त करंटला उडतो. ढिल्या सांध्यात करंट वाढतच नाही, उलट थोडा कमी होतो. खरं शॉर्टसर्किट झालं तर फ्यूज क्षणात उडायला हवा, तो त्याच्यासाठीच तर असतो. ढिल्या सांध्याला पकडणारं मात्र साध्या पेटीत काहीही नाही. शेवटी आवरण वितळतं, दोन वायरी एकमेकींना चिकटतात आणि खरंच शॉर्टसर्किट होतं. पण तो झाला नाटकाचा शेवटचा अंक. आपण तेवढाच बघतो आणि टाळ्या वाजवून घरी जातो.

मग दोष जुन्या पद्धतीचा का? इथे दोन टोळ्या आहेत आणि मला दोघींशी भांडायचं आहे. एक म्हणते जुनं ते सोनं. दुसरी म्हणते हे सगळं भंगारात टाका, जर्मन स्प्रिंगवाले कनेक्टर आणा. तर आपण एकेका जुन्या सांध्याचा हिशोबच मांडू.

सगळ्यात आधी आकडा. हसू नका, तोही कनेक्टरच! तारेवर नुसता अडकवलेला, वजनाच्या जोरावर टेकलेला. वारा आला की हलतो, हलला की ठिणगी पडते, खाली वाळलेला ऊस असतो. चोरीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी निव्वळ सांधा म्हणून आकडा शून्य मार्कांचा.

दुसरा, पीळ. इथे मात्र अन्याय झालाय. पिळाचा सांधा मुळात वाईट नाही. आयटीआयमध्ये आजही मुलांना मॅरीड जॉइंट, ब्रिटानिया जॉइंट, वेस्टर्न युनियन, आणि रॅट टेल, म्हणजे चक्क उंदराचं शेपूट, असे सांधे शिकवतात. वेस्टर्न युनियन हा तारायंत्राच्या जमान्यातला, एकोणिसाव्या शतकातला सांधा. ताण आला की तो जास्त घट्ट बसतो, इतकं डोकं त्यात आहे. पण त्याच्या जोडीला काय असायचं? तार घासून स्वच्छ करणं, नीट मोजून वेढे देणं, वरून सोल्डर ओतणं, मग रबरी टेप, मग वरची टेप. आपण त्यातलं काय ठेवलं? चार पीळ आणि दहा रुपयांची टेप. परंपरेतला कष्टाचा भाग गाळून उरलेल्याला परंपरा म्हणायची आपली सवय जुनीच आहे.

तिसरा, चिनीमातीचा कनेक्टर. पांढरा, आत पितळेची नळी, वर दोन स्क्रू. आमच्या जुन्या घरात आजोबांनी १९७४ साली वीज घेतली तेव्हाचे दोन अजून लाकडी पट्टीवरच्या वायरिंगमध्ये आहेत. मी उघडून पाहिले, पितळ काळं पडलंय पण सांधा घट्ट. चिनीमाती जळत नाही, वितळत नाही, गिझरच्या जोडणीला आजही तिला तोड नाही. उलट तिच्या जागी आलेली ती स्वस्तातली प्लॅस्टिकची कनेक्टर पट्टी बघा. गरम झाली की मेणबत्तीसारखी वाकते. तेव्हा चिनीमातीचा कनेक्टर फेकू नका. फक्त त्याच्या खोडी लक्षात ठेवा: स्क्रू गंजका नको, फार आवळला तर बारीक तारा तुटतात, आणि टोकाशी उघडं पितळ राहतं म्हणून तो बंद पेटीतच हवा.

चौथा, किटकॅट फ्यूज. हाही एका अर्थी सांधाच, कारण त्याची पितळेची जीभ खोबणीत घट्ट बसण्यावर सगळं अवलंबून. वस्तू चांगली आहे. वाट आपण लावली, फ्यूजच्या तारेऐवजी जाड तांब्याची तार बांधून. डीपीची पेटी बघा कधी. दार गायब, किटकॅट गायब, आणि ॲल्युमिनियमच्या तारांचे जाड वेढे. त्याला फ्यूज म्हणणं म्हणजे दाराच्या चौकटीला कुलूप म्हणण्यासारखं.

पाचवा, ॲल्युमिनियम आणि तांब्याची सोयरीक. हा सगळ्यात घातक आणि आमच्या भागात सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर लगेच ऑक्साईडचा पापुद्रा येतो आणि तो वीज वाहू देत नाही. दाबाखाली ते हळूहळू पसरतं, म्हणजे आज आवळलेला स्क्रू काही महिन्यांनी ढिला. तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त फुगतं. आणि दोघांमध्ये ओल आली की चक्क बॅटरीचा सेल तयार होतो, त्यात ॲल्युमिनियम झिजतं. ती पांढरी भुकटी म्हणजे झिजलेलं ॲल्युमिनियम. तिकडे अमेरिकेतही हे भोगून झालंय. १९६५ ते १९७३ च्या सुमारास तांबं महाग म्हणून तिथल्या लाखो घरांत ॲल्युमिनियमची वायरिंग झाली. पुढे तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने करून घेतलेल्या पाहणीत असं निघालं की १९७२ पूर्वीच्या अशा घरांत एखादा तरी सांधा आग लागण्याइतका तापण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा ५५ पट आहे. नीट वाचा, सांधा! मधली वायर ठणठणीत होती.

म्हणून ॲल्युमिनियमलाही शिव्या देऊ नका. डोक्यावरच्या सगळ्या लाईनी त्याच्याच आहेत आणि वर्षानुवर्षं चालतात, कारण तिथे योग्य क्लॅम्प असतो. (असायला हवा.) तांब्याशी जोडायचं तर बायमेटल लग मिळतो, त्याच्या आत सांध्याची ग्रीस भरायची, क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबायचं, आणि लग नट-बोल्टने आवळायचा. विषय संपतो.

आणि ते जर्मन स्प्रिंगवाले कनेक्टर? छान आहेत. स्प्रिंग सतत दाबून धरते, त्यामुळे ढिलं पडण्याची भानगड कमी. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये तांब्याच्या वायरला जरूर वापरा. पण बहुतेक तांब्यासाठीच बनवलेले असतात. विहिरीवरच्या चिखलात, जाड ॲल्युमिनियमच्या वायरवर लावून 'मी मॉडर्न झालो' म्हणाल तर पुढचा नंबर तुमच्या मोटरचा. सोलर पंप आले म्हणून सुटलो असंही नाही. पॅनेलच्या मागे एमसी-फोर जातीचे कनेक्टर असतात. एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी टचकन बसतात खऱ्या, पण मापात केसभर फरक असला तरी तोच खेळ सुरू. आणि तिथे डीसी असल्याने ठिणगी विझता विझत नाही.

आता एक आमच्याच भागातली गोष्ट सांगतो, जी मला ह्या सगळ्यात सर्वात मजेशीर वाटते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा निवडली त्याचं एक कारण म्हणजे इथे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी होता. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी ऐकणारं हे यंत्र, आणि त्याला त्रास कशाचा होतो माहितीय? इतर गोष्टींबरोबर आपल्या विजेच्या लाईनींवरच्या ठिणग्यांचा! ढिला क्लॅम्प, ढिला सांधा, खराब इन्सुलेटर, तिथे ठिणगी पडली की ती सगळ्या फ्रिक्वेन्सींवर ओरडते. तिथल्या लोकांना असे खांब शोधून काढून दुरुस्त करवून घ्यावे लागतात. म्हणजे ज्या सांध्याची तक्रार आपण वर्षभर कुणाकडे केली नाही, तो तिकडे आकाशगंगांच्या आवाजात मिसळून ऐकू येतो. सांधा ओरडत असतोच, आपण ऐकत नाही एवढंच.

ह्यावरून मला आजोबांची आठवण झाली. आमचा ट्रान्झिस्टर पुणे केंद्रावर, ७९२ किलोहर्ट्झवर लावलेला असायचा. मोटर चालू केल्यावर खरखर वाढली की आजोबा म्हणायचे, "पेटीत कायतरी ढिलं झालंय, बघा जरा." मला वाटायचं म्हातारा काहीही बोलतो. म्हाताऱ्याचं फिजिक्स बरोबर होतं! तुमच्याकडे जुना मीडियम वेव्ह रेडिओ असेल तर स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवून मीटरच्या पेटीपासून दोन हात लांब उभे राहा. खरखर खूप वाढली तर समजा, आत कुणीतरी बोलतंय.

मला ठाऊक आहे, आता काय म्हणाल. 'तुम्ही पगारदार, तुम्हाला बोलायला काय जातं, शेतकऱ्याकडे पैसा कुठाय?' मान्य. पण तीन वेळा रिवायंडिंगचे सोळा-सतरा हजार कुठून आले? सहा लग, क्रिम्पिंगची मजुरी आणि एक बंद पेटी मिळून हजाराच्या आतच खर्च आला. पैसा नाही असं नाही, सांध्यासाठी तो बाजूला काढायची सवय नाही. मोटरचं बिल असतं, केबलचं असतं, पाइपचं असतं. सांध्याचं बिल तुम्ही कधी पाहिलंय?

दुसरा आक्षेप वायरमनचा. भाऊ मला सरळ म्हणाले, "साहेब, माझ्याकडं एवढी गावं, पावसात खांबावर मीच चढतो. तुमी येऊन लग दाबा." त्यांचंही खरं आहे. एका माणसावर इतकं काम टाकलं तर तो पीळच मारणार. आणि व्होल्टेज कमी असतं हेही खोटं नाही; कमी व्होल्टेजला मोटर जास्त करंट ओढते, मग वाईट सांधा आणखी तापतो. पण म्हणूनच सांधा चांगला हवा ना? रस्ता खराब आहे म्हणून ब्रेक ढिले ठेवायचे का?

तिसरा आक्षेप अण्णांचा, आणि तो सगळ्यात अवघड. "आरं, इतकी वर्सं असंच चाललंय." ह्यावर मी काही बोललो नाही. घोडेगावच्या पलीकडे, डिंभ्याच्या बॅकवॉटरला आत्याकडे मोटर आहे. उन्हाळ्यात पाणी जसजसं मागे सरकतं तसतशी मोटर पुढे सरकवतात आणि केबलला तुकडा जोडतात. मे महिन्यात मी त्या केबलवर सात सांधे मोजले, सगळे टेपचे, तीन चिखलात. त्याच वाटेने पोरं म्हशी पाण्यावर नेतात. आत्या म्हणाली, पाऊल जपून टाकायचं, सगळ्यांना माहीत असतं. माहीत असतं! आपण आपल्या पोरांना वाघराची भीती शिकवतो तशीच सांध्याची भीती शिकवतोय. फरक एवढाच की बिबट्या आपण तयार केलेला नाही.

२०२३ मध्ये सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आला, दिवसा वीज द्यायची म्हणून. चांगलंच आहे, यायलाच हवी. पण दिवसा वीज आली तरी ती ह्याच सांध्यांतून येणार आहे.

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत. पंचनाम्यात आणि बातमीत 'शॉर्टसर्किट' लिहिण्याआधी एक प्रश्न विचारा: सांधा कुठला होता? वायरमनला काम देताना सांध्याचे पैसे वेगळे ठरवा, आणि वेगळे द्या. तांबं-ॲल्युमिनियम एकत्र दिसलं तर टेपला हात लावू देऊ नका. आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, मेन बंद करून जाणकार वायरमनकडून सगळे स्क्रू आवळून घ्या. भांडी घासतो, जाळी काढतो, त्यात हेही.

आमच्या पेटीत आता लग आहेत, रिले जागेवर आहे. त्यानंतर मोटर जळालेली नाही, आणि मोटर बंद पडली म्हणून अण्णांना रात्री उसातून जावं लागलेलं नाही. खांबावरचा जंपर मात्र अजून रात्री निळा चमकतो. तो आपल्या हद्दीत नाही, तिथे हात लावायचा नाही. लेखी तक्रार दिलीय, पोच घेतलीय. कारणाच्या रकान्यात मी 'ढिला सांधा' लिहिलं होतं. समोरच्याने ते वाचलं, पेन उचललं आणि शेजारी कंसात लिहिलं, 'शॉर्टसर्किट'.

असो. पुढच्या शनिवारी लगांची पिशवी घेऊन आत्याकडे जातोय.